डाव्या हाताची बटणं

डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला बाई बस स्थानकावर हजर झाल्या. उजवा हात कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यातल्या झोळीत तो तान्ह्या बाळासारखा निजला होता. माळ्यावरची बॅग काढताना स्टूल डगमगलं, एवढंच झालं होतं. पण भेटणारा प्रत्येक जण "कसं पडलात?" असं विचारत होता आणि बाई प्रत्येकाला "उभ्याची आडवी झाले, असं पडले" असं सांगून पुढे जात होत्या.

स्थानकावर सगळे त्यांना माइकवाल्या बाई म्हणत. एकोणीस वर्षं त्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या घोषणा करत होत्या. घरी राहायला त्यांची तशी ना नव्हती, पण आदल्या संध्याकाळी आगारप्रमुख साहेबांचा फोन आला होता.

"बाई, तुम्ही खुशाल आराम करा. तोपर्यंत आपण आपोआप बोलणारा मशीनचा आवाज लावून बघू. जमलं तर कायमचंच लावू. म्हणजे तुमचीही दगदग वाचेल."

"माझी दगदग मला आवडते साहेब," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला होता आणि नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "उद्या डबा लागेल."

महिन्याभरापूर्वी स्थानकावर नवीन संगणक आला होता. बाईंच्याच आवाजातल्या घोषणा त्यात तुकड्यातुकड्यांनी भरून ठेवल्या होत्या. पडद्यावर गाड्यांची यादी असे. गाडी निवडायची आणि 'निघत आहे', 'उशिरा येईल', 'फलाट बदलला आहे', 'रद्द झाली आहे' यांतलं जे हवं त्याची बटणं दाबायची. बटणं म्हणजे तीन तीन, एकदम. डाव्या कोपऱ्यातली दोन धरून ठेवायची आणि उजव्या बाजूचं तिसरं दाबायचं. कुणाच्या हातून चुकून घोषणा होऊ नये म्हणून ही खबरदारी. दोन हात होते तोवर बाईंना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या सकाळी त्यांनी डाव्या हाताने दोन बटणं धरली आणि तिसरं हनुवटीने दाबलं. घोषणा झाली, पण हनुवटी कीबोर्डवर टेकली की डोळे पडद्याकडे कसे जाणार? सहा नंबरची गाडी दोनदा निघाली आणि अकरा नंबरची निघालीच नाही. मग त्यांनी नाक वापरून पाहिलं. चष्मा घसरला आणि थेट टेबलाखाली गेला. दहाच्या सुमाराला त्यांनी संगणकवाल्याला बोलावणं धाडलं.

संगणकवाला चाळिशीचा, सदा घाईतला माणूस होता. कुणी काहीही विचारलं तरी तो आधी "पासवर्ड काय आहे?" असं विचारी, म्हणून त्याचं नावच पासवर्ड पडलं होतं.

"पासवर्डभाऊ, ही बटणं बदलून द्या. एका हाताने दाबता येतील अशी."

"तसं नाही होत बाई. ते डिफॉल्ट आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... आधीपासून तसंच आहे."

"साहेबांच्या खोलीतलं घड्याळसुद्धा आधीपासून बंदच आहे. म्हणून काय तेवढेच वाजले असं धरून चालायचं?"

पासवर्डने घाम पुसला आणि 'आपल्या सोयीनुसार बटणे ठरवा' अशी एक पाटी पडद्यावर उघडून दिली. "इथून होतं खरं. पण जपून हं बाई. मी जरा वरच्या मजल्यावर जाऊन येतो," असं म्हणून तो गेला आणि त्या दिवशी पुन्हा काही दिसला नाही.

बाई कामाला लागल्या. तीन बटणांची भानगडच त्यांनी मोडीत काढली. एका घोषणेला एकच अक्षर. 'निघत आहे'ला न, 'उशिरा येईल'ला उ, 'फलाट बदलला'ला ब आणि 'रद्द'ला र. घोषणेआधीच्या टिंगटाँगला सगळ्यात लांब बटण, म्हणजे स्पेस. शेवटची घोषणा पुन्हा ऐकवायची तर बॅकस्पेस. एक घोषणा झाली की यादीतली पुढची गाडी आपोआप निवडली जावी, अशीही सोय त्यांनी करून घेतली. दर वेळी पडद्यावर पिवळी चौकट यायची, 'एकच अक्षर ठेवणे सुरक्षित नाही. तरीही पुढे जायचे?' बाईंना 'तरीही' हा शब्द लहानपणापासून प्रिय होता. त्यांनी सहा वेळा 'हो' दाबलं. फक्त 'सर्व घोषणा थांबवा' या आज्ञेची तीन बटणं त्यांनी तशीच ठेवली. एकोणीस वर्षांत बाईंवर थांबायची वेळ कधी आली नव्हती.

दोन दिवस सगळं झकास चाललं. गाड्या वेळेवर निघाल्या, उशिराच्या उशिरा आल्या आणि बाईंनी डाव्या हाताने घोषणा करता करता डबासुद्धा खाल्ला. साहेब एकदा काचेतून डोकावले आणि नुसतं घसा खाकरून गेले.

तिसऱ्या दिवशी साडेअकराला एक आजोबा धापा टाकत खोलीत आले.

"माझी बरणी हरवली हो! निळी बरणी. आत मासा आहे."

"मासा? जिवंत?"

"सकाळी तरी होता. नातीसाठी नेतोय. कुठल्या तरी बाकावर ठेवली, तिकीट काढायला गेलो आणि आता बाकच आठवत नाही. सगळ्या बाकांवर माणसंच माणसं!"

हरवलेल्या वस्तूची घोषणा बाई स्वतः माइकवरून करत, पण नियम असा की आधी संगणकातल्या नोंदवहीच्या चौकटीत ती लिहायची. बाईंनी चौकट उघडली आणि एका बोटाने टाइप केलं, 'निळी बरणी'.

चौकट रिकामीच राहिली.

त्याचं कारण असं की संगणक दाबलेलं प्रत्येक बटण घोषणेचीच आज्ञा समजत होता, त्याच्या लेखी बाईंनी काही लिहिलंच नव्हतं. 'न' दाबल्याबरोबर नऊ नंबरची गाडी निघत असल्याची घोषणा झाली होती. मधल्या जागेला टिंगटाँग वाजलं होतं. 'ब'बरोबर बारा नंबरच्या गाडीचा फलाट बदलला होता आणि र ने पंधरा नंबरची गाडी रद्द करून टाकली होती. कर्णे बाहेर होते, खोलीची काच जाड होती आणि आतमध्ये आजोबा माशाच्या शेपटीचं वर्णन करत होते. बाईंना काही ऐकू आलं नाही. डाव्या हाताला जोर कमी पडला असेल, असं समजून त्यांनी पुन्हा, जरा ठासून टाइप केलं, 'निळी बरणी'. आणखी एक गाडी निघाली, एकीचा फलाट बदलला, एक रद्द झाली. चौकट कोरीच. तिसऱ्यांदा त्यांनी एकेक अक्षर ठोकून काढलं.

"काहीतरी अडकलंय," त्या म्हणाल्या आणि मागचं सगळं पुसायला बॅकस्पेसवर बोट दाबून धरलं. चांगलं दहा-बारा सेकंद धरलं.

बॅकस्पेस म्हणजे शेवटची घोषणा पुन्हा. शेवटची घोषणा सत्तावीस नंबरच्या गाडीच्या रद्द होण्याची होती. ती आता चाळीस वेळा रांगेत उभी राहिली.

बाहेर काय चाललं होतं ते बाईंना आधी दिसलं आणि मग कळलं. फलाट दोनवरचे लोक चारकडे पळत होते, चारवरचे दोनकडे आणि मधोमध दोन्हींच्या बॅगा एकमेकींत गुंतल्या होत्या. नऊ नंबरचा चालक बिचारा पेपर वाचत होता. 'निघत आहे' हे स्वतःच्याच गाडीबद्दल ऐकून तो दचकला आणि बारा मिनिटं आधी, चार प्रवासी घेऊन, निघून गेला. त्याचा वाहक चहाचा कप हातात घेऊन फाटकापर्यंत मागे धावला. पंधरा नंबरच्या चालकाने गाडी रद्द झाल्याचं ऐकलं, कुलूप लावलं आणि महिनाभर राहिलेले केस कापून घ्यायला तो समोरच्या सलूनमध्ये जाऊन बसला. सत्तावीस नंबरच्या प्रवाशांनी पहिल्या पाच घोषणांपर्यंत धीर धरला. सहाव्या वेळी एक जण ओरडला, "अहो कळलं! किती मीठ चोळाल?"

बाईंनी माइक उघडला, पण घोषणा चालू असताना माइक बंद राहायचा, हीही एक खबरदारीच. मुख्य बटण भिंतीतल्या लोखंडी कपाटात होतं आणि किल्ली साहेबांच्या खिशात. राहिला एकच उपाय, 'सर्व घोषणा थांबवा'. दोन बटणं डाव्या टोकाला, एक थेट उजव्या टोकाला. बाईंनी हनुवटी लावून पाहिली, पण हनुवटी तेवढी लांब जाईना. प्लास्टर उचलून आपटलं तर त्याखाली एकदम सात बटणं दाबली गेली आणि तेवीस नंबरचीही गाडी उशिरा धावू लागली.

"मावशी!" बाईंनी दार उघडून हाक मारली.

सफाईवाल्या मावशी पोछा घेऊनच आल्या. "काय झालं? आग?"

"ही दोन बटणं दाबून धरा. सोडू नका!"

"हात ओला आहे माझा. शॉक बसला तर?"

"मला बसलाय तो पुरे झाला. दाबा तुम्ही!"

मावशींनी डोळे मिटून दोन बटणं दाबली, बाईंनी डाव्या हाताने तिसरं. कर्णे गप्प झाले. एवढी शांतता स्थानकाने कधी ऐकली नव्हती. काचेपलीकडे साडेचारशे माणसं जागच्या जागी उभी राहून वर बघत होती. आणि पळापळीत साफ मोकळ्या झालेल्या फलाट तीनवर, मधल्या बाकावर, एकटी निळी बरणी उन्हात चमकत होती.

"ती काय!" आजोबांना आनंदाने भरून आलं. "गर्दी हटली तशी बरोबर दिसली. फार गुणकारी पद्धत आहे हो तुमची!"

साहेबांचं मत मात्र वेगळं पडलं. "बाई, उद्या दहापर्यंत लेखी खुलासा हवा. बटणं आत्ताच्या आत्ता पहिल्यासारखी. परवापासून मशीनचा आवाज. आणि तुम्ही रजेवर."

"खुलासा देते," बाई म्हणाल्या. "रजेचा अर्ज काही देत नाही."

घरी पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणकाम चाले. बाई आल्या तेव्हा तो एका कोटाला बाही लावत होता. सगळी हकीकत त्याने मान खाली घालून ऐकली. 'चाळीस वेळा'पाशी त्याची सुई थांबली आणि खांदे हलायला लागले.

"हसा, हसा."

"हसत नाहीये गं. चूक कुणाची म्हणतेस?"

"माझी. पण तेवढ्यासाठी मला घरी बसवणार असतील तर अजिबात माझी नाही!"

त्याने कोट बाजूला ठेवला. "हे बघ. या टेबलावर खडू आणि कात्री दोन्ही मी न बघता उचलतो. खडू या टोकाला, कात्री त्या टोकाला. तू दोन्ही एकाच डब्यात टाकलीस. 'निघाली' आणि 'रद्द' सारखीच सोपी केलीस."

बाईंना हे झोंबलं, पण पटलं. "मग रद्दला पुन्हा तीन बटणं ठेवू? मला दाबताच यायची नाहीत."

"तीन कशाला? आधी कच्चा टाका घाल. बाही बसली का बघ. मग पक्की शिलाई."

बाई टेबलापाशी सरकल्या. मग त्यांनी टेबलावरचा खाकी कागद ओढला, खडू घेतला आणि डाव्या हाताने वेडावाकडा कीबोर्ड काढला. रद्दचं एक बटण दाबलं की घोषणा व्हायची नाही, गाडीचा नंबर नुसता मोठा, लाल होऊन पडद्यावर यायचा. तो कच्चा टाका. मग शेजारचं नाही, दोन घरं सोडून असलेलं दुसरं बटण दाबलं की पक्का. एकामागून एक दाबायची, एकदम नाही, म्हणजे एक हात पुरतो. लिहायची चौकट उघडी असताना सगळ्या शॉर्टकटांनी झोपायचं. एका बटणाला दोन कामं दिली तर संगणकाने तिथेच अडवायचं. 'थांबवा'चं बटण सगळ्यात सोपं, डोळे मिटूनही सापडेल असं. आणि मनासारखं जमलं नाही तर सगळं पहिल्यासारखं करणारं एक बटण.

"आणि बाकीच्यांचं काय?" नवऱ्याने विचारलं. "दुपारपाळीच्या बाईंना दोन हात आहेत."

"त्यांनी त्यांचं ठरवावं. एकाच मापाचा सदरा अख्ख्या आगाराला घालतात का?"

दोघांनी मिळून त्या कागदी कीबोर्डवर शंभरेक गाड्या सोडल्या. नवरा मुद्दाम मध्येच कोपराने धक्का देई. एकही गाडी चुकून रद्द झाली नाही.

सकाळी बरोबर दहाला बाईंनी साहेबांच्या टेबलावर खुलासा ठेवला आणि त्यावर खाकी कागद पसरला. पासवर्डही हजर होता. साहेबांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली, "'झालेली चूक माझी आहे. ती दुरुस्तही मीच करणार आहे.' बाई, हा खुलासा आहे की धमकी?"

"पुढे वाचा."

साहेबांनी वाचलं. कागद न्याहाळला. "करता येईल हे?" त्यांनी पासवर्डला विचारलं.

"येईल साहेब. सगळं आहेच त्यात. कुणी मागितलं नव्हतं, एवढंच."

"पण नियम सगळ्यांना एकच पाहिजे," साहेब खुर्चीत ताठ झाले. "तीन बटणांची पद्धत सुरक्षित आहे. तज्ज्ञांनी ठरवलीय. एका हाताने जमत नाही हा निव्वळ हट्ट आहे."

"मग दाखवा साहेब करून. एक हात पाठीमागे घ्या आणि 'थांबवा' दाबा. तुम्हाला जमलं तर मी रजेच्या अर्जावर सही करते."

एका आगारप्रमुखाला, दोन हाताखालच्या माणसांदेखत, एवढं आव्हान बस झालं. तिघं काचेच्या खोलीत गेले, दार मागे उघडंच राहिलं. साहेबांनी उजवा हात पाठीमागे घेतला आणि डावा पंजा कीबोर्डवर पसरला. अंगठ्याने आणि तर्जनीने डावीकडची दोन बटणं धरली, करंगळी उजवीकडे ताणली. करंगळी अर्ध्यावर थरथरत थांबली.

"साहेब, राहू द्या," पासवर्ड पुटपुटला.

"गप्प बस! येतंय!" साहेबांनी खांदा पुढे काढला, ओठ चावला आणि झेप घेतली. करंगळी उतरली, पण दोन बटणं अलीकडे.

बाहेर बाईंचाच गोड आवाज घुमला, "प्रवाशांनी तातडीने स्थानक रिकामे करावे. प्रवाशांनी तातडीने..."

"थांबवा!" पासवर्ड किंचाळला.

"तेच करतोय ना!" साहेब पुन्हा ताणले. घोषणा दुसऱ्यांदा सुरू झाली. काचेपलीकडे लोक उठले, बाहेर निघाले. चालक निघाले. भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई निघाली. मावशींनी बादली उचलली, परत ठेवली, पुन्हा उचलली आणि त्याही निघाल्या.

"साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला दोन हात आहेत."

साहेबांनी पाठीमागचा हात असा पुढे आणला, जणू तो कुणीतरी आत्ताच त्यांना आणून दिला होता. तीन बटणं दाबली गेली. आवाज थांबला. स्थानकात तेव्हा एक कुत्रं आणि पंचवीस बस उरल्या होत्या.

साहेबांनी करंगळी चोळली. मग साहेब पासवर्डकडे न बघता म्हणाले, "बाई म्हणतात तसं करून टाका."

"लेखी द्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी लेखी दिलं. मशीनच्या आवाजाचा विषय पुन्हा निघाला नाही. बाईंची मांडणी दुपारपर्यंत बसली आणि पाच आठवड्यांत एकही गाडी विनाकारण रद्द झाली नाही. दुपारपाळीच्या बाईंनी, नखं लांब असल्यामुळे, आपली बटणं दूर दूर घेतली. रात्रपाळीचा उद्घोषक डावखुरा होता, त्याने सगळी उलटी करून घेतली आणि नवीन संगणक आल्यापासून पहिल्यांदा मान न दुखता घरी गेला. मुख्य कार्यालयातून दोन माणसं पाहणी करून गेली. त्यांनी फोटो काढले, माना हलवल्या आणि बाईंचा खाकी कागद मागून नेला.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात पांढराफटक आणि बारीक झाला होता, पण बोटं हलत होती. दुसऱ्या दिवशी बाई खोलीत येऊन बसल्या, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि आता उजव्यालाही थोडं काम द्यावं म्हणून 'आपल्या सोयीनुसार बटणे ठरवा' उघडायला गेल्या. ती पाटी उघडेना.

एवढ्यात पासवर्ड एक परिपत्रक घेऊन आला. त्याचा चेहरा फुलला होता. "अभिनंदन बाई! मुख्य कार्यालयाने तुमची पद्धत सगळ्या आगारांना लागू केली. वाचा!"

बाईंनी वाचलं. 'अमुक आगारातील यशस्वी प्रयोग लक्षात घेता, यापुढे सर्व उद्घोषकांनी सदर मांडणीच, केवळ डाव्या हाताने वापरावी. उजव्या हाताचा वापर आढळल्यास लेखी खुलासा मागवण्यात येईल. एकसूत्रतेसाठी बटणे बदलण्याची सोय बंद करण्यात येत आहे.'

"दुपारपाळीच्या बाईंची बटणं?" बाईंनी विचारलं.

"गेली."

"रात्रपाळीचा तो डावखुरा?"

"त्याची उलटी होती, ती सुलटी केली. पण बाई, आता काही म्हणू नका. तुमचाच विजय आहे हा. फक्त इथे खाली सही करा, परिपत्रक मिळाल्याची."

बाईंनी पेन उचललं. सहा आठवड्यांनंतर पहिल्यांदाच, उजव्या हातात. बोटं आखडली होती, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येत होतं, पण त्यांनी घाई केली नाही. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर गिरवत, त्यांनी सहीच्या जागी लिहिलं, 'मिळाले. मान्य नाही.'